सहावी जागा

शाळेच्या पुस्तकात हिमोग्लोबिनचं काम एका ओळीत उरकलेलं असतं: फुप्फुसांतला प्राणवायू शरीरभर वाहून नेणं. ओळ खोटी नाही, पण तिचा सगळा भर नेण्यावर आहे. प्राणवायू धरून ठेवणारे रेणू शरीरात दुसरेही आहेत. स्नायूंतलं मायोग्लोबिन तर तो हिमोग्लोबिनपेक्षा कितीतरी घट्ट धरतं, आणि त्याच गुणामुळे वाहतुकीला निरुपयोगी ठरतं. रक्तात हिमोग्लोबिनच्या जागी मायोग्लोबिन असतं तर ते फुप्फुसांत भरलं असतं, पोटरीपर्यंत गेलं असतं आणि जवळजवळ तसंच भरलेलं परत आलं असतं. माणूस प्राणवायूनं तुडुंब रक्त घेऊन गुदमरला असता. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं दगावतात तेव्हा यातलाच काही भाग प्रत्यक्ष घडतो. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि जागा अडवतो. त्याहून वाईट म्हणजे, ज्या जागा त्यानं अडवलेल्या नसतात त्यांनाही मग प्राणवायू सहजी सोडवत नाही.

तेव्हा या प्रथिनाची खरी परीक्षा सोडताना होते. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या बिघाडाची गोष्टही, मला वाटतं, त्या सोडण्याच्या क्षणाचीच आहे. ती सांगणारे बहुतेक जण डीएनएमधल्या एका बदललेल्या अक्षरापासून सुरुवात करतात. मी जरा मागून येतो.

व्हिएन्नाहून केंब्रिजला आलेल्या मॅक्स पेरुत्झ या तरुण रसायनशास्त्रज्ञानं १९३७ मध्ये क्ष-किरणांच्या साह्यानं हिमोग्लोबिनची रचना उलगडायचं मनावर घेतलं, तेव्हा त्या तंत्रानं सुटलेले रेणू काही डझन अणूंचे होते. हिमोग्लोबिनमध्ये अणू सुमारे दहा हजार. विषय सुचवला होता प्रागमधल्या फेलिक्स हाउरोवित्झ यांनी, आणि पुढच्याच वर्षी त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. शीतकपाटात विसरलेल्या नमुन्यात हिमोग्लोबिनचे लालभडक सुईसारखे स्फटिक जाऊन जांभळट षटकोनी पापुद्रे तयार झाले होते, कारण जिवाणूंनी आतला प्राणवायू संपवला होता. हाउरोवित्झ ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असताना काचेच्या कडेनं हवा आत शिरली. पापुद्रे विरघळले आणि त्यांच्या जागी पुन्हा लाल सुया उगवल्या. स्फटिकाचा आकारच बदलतो याचा अर्थ आतल्या रेणूचा आकार बदलत असला पाहिजे. प्राणवायू घेतलेलं आणि प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ही जाणीव शास्त्रीय चित्रात उतरायला फार काळ गेला. मध्ये युद्ध आलं. ऑस्ट्रियन म्हणून पेरुत्झना १९४० मध्ये इंग्रजांनी ताब्यात घेऊन कॅनडात स्थानबद्ध केलं. १९५३ मध्ये त्यांना पाऱ्याचा अणू रेणूला जोडून क्ष-किरणांच्या ठिपक्यांचा अर्थ लावायची युक्ती साधली, १९५९ मध्ये घोड्याच्या हिमोग्लोबिनचं पहिलं ओबडधोबड प्रतिरूप उभं राहिलं आणि १९६२ मध्ये जॉन केंड्रू यांच्यासह नोबेल मिळालं. पण ते रूप स्थिर होतं. रेणू प्राणवायू सोडतो कसा, याची यंत्रणा पेरुत्झ मांडू शकले ती १९७० मध्ये. एका रेणूपाशी तेहतीस वर्षं.

ती यंत्रणा अशी. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं असतं, दोन आल्फा आणि दोन बीटा. प्रत्येकीच्या खोबणीत हीम नावाची चकती आणि चकतीच्या मधोमध लोहाचा एक अणू. रिकामा असताना हा अणू चकतीच्या पातळीपासून किंचित बाहेर असतो. प्राणवायू येऊन बसला की तो साधारण ०.४ अँगस्ट्रॉम आत सरकतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, त्यातलाही निम्म्याहून कमी. एवढ्याशा हालचालीनं लोहाला बांधलेलं हिस्टिडिन ओढलं जातं, त्यामागे साखळीचा एक भाग ओढला जातो आणि अखेर रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर सुमारे १५ अंशांनी फिरतो. या फिरण्यानं उरलेल्या जागा प्राणवायूला अधिक अनुकूल होतात. सोडताना हेच उलट घडतं. आपल्याकडच्या पंगतीची रीत आठवावी: पहिला बसेपर्यंत सगळे घुटमळतात, एक बसला की बाकीचे पटापट बसतात, आणि उठायची वेळ आली की एकट्यानं उठायचं नसतं, पण कोणी उठलं की पंगतच उठते. चार जागांमधल्या या दाक्षिण्यामुळे फुप्फुसांत हिमोग्लोबिन झपाट्यानं भरतं आणि धावत्या पायात झपाट्यानं रितं होतं. स्नायू राबायला लागला की रक्तात आम्लता आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यांच्यामुळेही हिमोग्लोबिनची पकड सुटते. ज्याला गरज जास्त त्याच्या दारात जास्त उतरतं. डेन्मार्कच्या क्रिस्टियन बोर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९०४ मध्येच मोजलं होतं. त्यांचा मुलगा नील्स पुढे अणूच्या रचनेसाठी अधिक प्रसिद्ध झाला.

इथे अपरिग्रहावर दोन शब्द बोलायचा मोह होतो. रेणूनंसुद्धा साठा करू नये, दिल्यानंच कार्य होतं, वगैरे. तो मोह मी आवरतो. रेणूला व्रत नसतं. त्याला फक्त शेजार कळतो: जवळ काय आहे, त्यावर विद्युतभार आहे की नाही, ते पाण्याला जवळ करतं की टाळतं. बाकी सगळा अर्थ बाहेरचा. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे याच प्रथिनाला आपण ‘सदोष’ म्हणणार आहोत.

बीटा साखळीचा आराखडा अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे. जनुकाचं नाव एचबीबी. सुमारे १६०० अक्षरांचं हे जनुक म्हणजे जनुकांच्या मानानं लहानसंच. त्यातली प्रथिनाच्या मजकुराची अक्षरं ४४४, बाकीची मधून कापून टाकली जाणारी किंवा कडेची. तयार साखळी १४६ अमिनो आम्लांची. मला या जनुकापेक्षा त्याचं बिऱ्हाड अधिक वेधक वाटतं. त्याच्या शेजारी त्याचीच भावंडं रांगेनं राहतात: एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि शेवटी बीटा. गर्भ अगदी कोवळा असताना एप्सिलॉन चालू असतं, मग गॅमाची पाळी, आणि जन्माच्या सुमारास गॅमा मंदावून बीटा कामाला लागतं. ज्या क्रमानं ती आयुष्यात वापरली जातात, त्याच क्रमानं ती गुणसूत्रावर मांडलेली आहेत. गॅमाचं हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू अधिक घट्ट धरतं, म्हणून वारेच्या आडून आईच्या रक्तातला प्राणवायू बाळाकडे येतो. बाळ जन्मलं, स्वतः श्वास घेऊ लागलं, की त्या घट्टपणाची गरज सरते. पहिल्या काही महिन्यांत गॅमा ओसरतं, पण ते जनुक पुसलं जात नाही. धड अवस्थेत, मुकं, ते जागच्या जागी आयुष्यभर राहतं.

आता ते अक्षर. बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल ग्लुटामिक आम्ल असतं आणि त्याचं डीएनएमधलं लेखन जीएजी असं. मधल्या एच्या जागी टी आला की जीटीजी होतं आणि सहाव्या जागी व्हॅलिन बसतं. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा जनुकाचं रसायन कोणालाच ठाऊक नव्हतं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेल या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या आजाराच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीनं सरकतं, म्हणजे हा रेणूचा आजार आहे. पण रेणूत फरक कुठे? केंब्रिजमध्ये पेरुत्झ यांच्याच चमूत व्हर्नन इंग्रम यांनी हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिननं तुकडे केले आणि कागदावर एका दिशेनं विजेनं व दुसऱ्या दिशेनं द्रावकानं पसरवले. तीसच्या आसपास ठिपके उमटले. निरोगी आणि आजारी रक्ताचे सगळे ठिपके जुळले, एक सोडून. वर्षभरात त्या ठिपक्यातलं एक अमिनो आम्ल बदलल्याचं त्यांनी सिद्ध केलं. जनुकातला बदल प्रथिनात नेमका काय करतो, हे माणसाच्या बाबतीत तेव्हा प्रथम दिसलं.

सहावी जागा रेणूच्या पृष्ठभागावर आहे, हीमपासून दूर. म्हणून हा बदललेला रेणू, ज्याला एस हिमोग्लोबिन म्हणतात, प्राणवायू धरण्यात कमी पडत नाही आणि सोडण्यातही नाही. नेमून दिलेलं काम तो बिनतक्रार करतो. तरी आजार होतो, आणि तो का होतो हे पाहताना मला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याला पाणी चालतं. व्हॅलिन तेलकट वृत्तीचं, पाण्यापासून लपायला जागा शोधणारं. प्राणवायू सोडून रेणू फिरला की दुसऱ्या एखाद्या रेणूच्या बीटा साखळीवर ८५व्या फेनिलअलानिन आणि ८८व्या ल्युसिनपाशी असलेला तेलकट खळगा नेमका सोयीच्या स्थितीत येतो. व्हॅलिन त्यात जाऊन बसतं. त्या रेणूचं व्हॅलिन तिसऱ्याच्या खळग्यात. असे चौदा सर एकमेकांना पीळ देत दोर वळला जातो, आणि तांबडी पेशी आतून ताठ होऊन विळ्याच्या आकाराची होते. प्राणवायू भरलेला असताना खळगा त्या स्थितीत नसतो, म्हणून दोरही वळला जात नाही. ज्या क्षणी रेणू आपलं देणं देऊन मोकळा होतो, त्याच क्षणी तो धोक्यात येतो. हाच बदल सहाव्या जागी व्हॅलिनऐवजी लायसिनचा झाला असता (तसा तो पश्चिम आफ्रिकेत काहींमध्ये असतोही), तर हे दोर वळले गेले नसते आणि आजार बराच सौम्य राहिला असता.

दोर वळायला मात्र थोडा वेळ लागतो. रेणूंचा पहिला लहानसा पुंजका जमेपर्यंत काहीच घडत नाही, आणि जमला की सगळं झपाट्यानं घडतं. हा विलंब अतिशय संवेदनशील आहे. पेशीतलं हिमोग्लोबिन किंचित दाट झालं तरी तो कितीतरी पटींनी घटतो. तांबडी पेशी सूक्ष्म केशवाहिनीतून सेकंदा-दोन सेकंदांत पार होते. तेवढ्यात ती फुप्फुसांच्या वाटेला लागली तर निभावतं. वाटेत अडकली, तर मागच्या पेशी तिच्यामागे तुंबतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडांत, पोटात, छातीत ती वेदना उठते जी रुग्णांना दिवसचे दिवस अंथरुणाला खिळवते. भरपूर पाणी प्या, उन्हात राबू नका, थंडीत भिजू नका, ताप अंगावर काढू नका: हा डॉक्टरांचा सल्ला ऐकायला घरगुती वाटतो. पण त्यामागे या विलंबाचं गणित आहे. शरीरातलं पाणी घटलं की पेशी आक्रसते, हिमोग्लोबिन दाटतं आणि पेशीला मिळणारी सवड संपते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही पेशी दहा-वीस दिवस.

इतकं घातक अक्षर टिकलं कसं, याचं उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दिलं. केनियात वाढलेल्या ॲलिसन यांना दिसलं होतं की समुद्रकाठी आणि व्हिक्टोरिया सरोवराभोवती हे जनुक पुष्कळांत आहे आणि उंच, थंड पठारावर जवळजवळ नाही. नकाशा मलेरियाचा होता. दोन्ही पालकांकडून हे अक्षर आलेलं मूल रुग्ण होतं, एकाकडून आलेलं वाहक. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून कमी एस असतं, त्यामुळे एरवी दोर वळले जात नाहीत. पण मलेरियाचा परोपजीवी आत शिरला की त्या पेशी अडचणीत येतात आणि प्लीहा त्यांना काढून टाकते. जीवघेण्या मलेरियापासून वाहकाला सुमारे ९० टक्के संरक्षण मिळतं.

हे वाचून लोक निसर्गाच्या शहाणपणाचं कौतुक करतात. मला ते कौतुक झेपत नाही. दोन वाहकांच्या पोटी येणाऱ्या प्रत्येक मुलाला रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. भावंडं मलेरियातून वाचतात त्याची किंमत या मुलानं मोजायची, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. उत्क्रांतीचा हिशेब समूहाच्या पातळीवर जुळतो. घरात तो जुळत नाही.

भारतात हे जनुक १९५२ मध्ये नीलगिरीतल्या आदिवासींत प्रथम नोंदलं गेलं. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी यांनी मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. आज विदर्भ आणि नंदुरबार हे महाराष्ट्रातले सिकलसेलचे मुख्य पट्टे आहेत. गोंड, भिल्ल, पावरा या जमातींत, आणि विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार, आताच्या बौद्ध समाजात ते बरंच आढळतं. इतर जातींतही ते आहे. गडचिरोलीत मलेरिया अजून आहे, तेव्हा जुनं समीकरण तिथं पूर्ण मोडलेलंही नाही.

एक तारीख इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रम यांचा ठिपक्यांवरचा निबंध ‘नेचर’च्या १३ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात आला. दुसऱ्या दिवशी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायासह धम्मदीक्षा घेतली. त्या मैदानावर हे अक्षर रक्तात घेऊन आलेली हजारो माणसं असणार, आणि त्यांच्यापैकी कोणालाही ते ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. यातून काही सिद्ध होत नाही. दुसरी एक गोष्ट मात्र होते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आंबेडकरांनी जातीचं मर्म स्वजातीय विवाहात असल्याचं मांडलं होतं. समजा, एखाद्या समाजात शंभरांत वीस वाहक आहेत. लग्नं आतल्या आतच झाली तर शंभर जोडप्यांत सरासरी चार जोडपी दोन्ही बाजूंनी वाहक निघतील. वाहकाचं लग्न हे जनुक नसलेल्या समाजात झालं तर रुग्ण मूल जन्मणारच नाही. अक्षर मलेरियानं टिकवलं, पण त्याच्या दोन प्रती एका मुलात आणून ठेवण्याचं काम जातीनं सोपं केलं. आणि वर याच समाजांच्या रक्तात खोट आहे असं कुजबुजायला आपण मोकळे.

लग्नाआधी पत्रिकेऐवजी रक्ताचा अहवाल जुळवा, असं आता ठिकठिकाणी सांगितलं जातं. सल्ला बरोबर आहे, पण आपल्याकडे तो प्रत्यक्षात कसा उतरतो तेही पाहावं. वाहक मुलाचं लग्न थांबत नाही. वाहक मुलीचा कागद घरचे कपाटात दडवून ठेवतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. तपासणीचा कागद मुलगी उजळ माथ्यानं दाखवू शकेल अशी घरं किती, यावर त्यातलं बरंच अवलंबून आहे.

उपचाराची वाट मात्र वेगळ्याच दिशेनं निघाली, शेजारच्या घरातून. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवलं की सिकलसेलची बाळं पहिले काही महिने जवळजवळ निरोगी असतात, आणि याचं श्रेय गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनला असावं. ते खरं निघालं. गॅमा साखळी त्या दोरात सामील होत नाही, उलट तो वळण्यात अडथळा आणते. २००८ मध्ये गॅमाला गप्प करणाऱ्या बीसीएल-११ए या जनुकाचं काम उघड झालं. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं मान्यता दिलेल्या कॅसजेव्ही उपचारात रुग्णाच्या मूळ रक्तपेशी काढून, बीसीएल-११ए ला तांबड्या पेशींत चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा क्रिस्पर या जनुकीय कात्रीनं तोडतात आणि त्या परत देतात. गॅमा पुन्हा बोलू लागतं. सहाव्या जागेचं बदललेलं अक्षर होतं तसंच राहतं, त्याला कोणी हातही लावत नाही. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि त्याआधी अस्थिमज्जा रिकामी करणारी कडक औषधं सोसावी लागतात. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत देशी तंत्रावर काम चालू आहे.

गॅमा जागं करणारं जुनं औषध हायड्रॉक्सीयुरिया. मुळात ते कर्करोगासाठी वापरलं जाई, १९९८ पासून अमेरिकेत सिकलसेलसाठी मान्य आहे. भारतात आढळणाऱ्या या जनुकाच्या वाणासोबत गर्भाचं हिमोग्लोबिन मुळातच थोडं जास्त राहतं, त्यामुळे इथला आजार सौम्य असं पुष्कळ काळ मानलं गेलं. नागपूरच्या मुलांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा अनुभव तसा नाही. कॅप्सूल सरकारी दवाखान्यातून मोफत मिळण्याची सोय आहे. पण तिनं पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ठरावीक मुदतीनं रक्ताची मोजणी करावी लागते आणि त्यासाठी दुर्गम गावातल्या माणसाला तालुक्याच्या रुग्णालयात जावं लागतं. पूर्व विदर्भात आषाढ-श्रावणात धानाची रोवणी असते. दिवसभर गार पाण्यात वाकून उभं राहायचं, भिजायचं, दमायचं. पेशीला मिळणारी सवड याच दिवसांत सगळ्यात कमी असते, आणि एका दिवसाची मजुरी बुडवून रक्त तपासायला जाणं परवडत नाही तेही याच दिवसांत.